नर्सरीतली पिल्लं आणि ऊन: सनस्क्रीनच्या आधी टाइमटेबल बघ

ऐरोलीच्या एका आईचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मुलगी पावणेतीन वर्षांची, नर्सरी ९ ते १२, आणि ११ वाजता अर्धा तास पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या गार्डनमधे खेळायला नेतात. हिने बॅगेत सनस्क्रीन दिलं तर टीचरने परत पाठवलं, आम्ही लावत नाही म्हणून. मेलबर्नची नणंद सांगते की तिकडे टोपी नसेल तर मुलाला मैदानात सोडतच नाहीत. सासूबाई म्हणतात असलं काही फासू नका, मुडदूस होईल, कोवळं ऊन लागू दे अंगाला. आणि प्रश्नाच्या शेवटी हळूच एक वाक्य, "महिन्याभरात खूप टॅन झालीये." तर सनस्क्रीन कुठलं घेऊ, का नर्सरीच बदलू?

अगं, मी ठाण्यात २७ वर्षं हेच करतेय, आधी घरातच पाळणाघर होतं मग नर्सरी झाली, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. नर्सरी लगेच बदलू नकोस. आणि क्रीमचा विषय जरा बाजूला ठेव, त्याच्यावर येतेच, पण तुझ्या प्रश्नात मला पहिल्यांदा खटकलं ते ११ वाजता हे. क्रीम लावा नाहीतर लावू नका, ११ वाजता मार्च-एप्रिलमधे पोडियमवर दोन-तीन वर्षांची मुलं न्यायचीच कशाला?

आपण १२ वाजले की सूर्य डोक्यावर आला म्हणतो ना, तर आपल्याकडे तसं नाहीये. घड्याळ आपलं मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं, आणि ठाणं-ऐरोली त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य जवळजवळ ४० मिनिटं उशिरा चालतो. खरी माध्यान्ह इकडे साडेबारा-पाऊणला होते, फेब्रुवारीत तर पाऊण उलटून जातो. म्हणजे ११ ला बाहेर नेलं की ऊन चढतंच जाणार, आणि १२ ला तू तिला घरी आणतेस ते ऐन टळटळीत उन्हात. हे दुसरं कुणी बघतच नाही, त्याच्यावर परत येईन.

घड्याळापेक्षा सोपा उपाय म्हणजे सावली. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन त्यातल्या त्यात सौम्य, सावली उंचीपेक्षा आखूड झाली की आत घ्यायचं किंवा झाडाखाली न्यायचं. एप्रिलमधे आपल्याकडे सकाळी साधारण साडेनऊ-पावणेदहाला सावली उंचीएवढी होते आणि मग आखूडच होत जाते, ती परत उंचीएवढी व्हायला दुपारचे साडेतीन-पावणेचार होतात. आम्ही नर्सरीत खडूने हे करून घेतो, ९ वाजता एका पोराला उभं करायचं आणि त्याची सावली फरशीवर आखायची, साडेअकराला दारातूनच नेऊन त्याच जागी दोन मिनिटं उभं करायचं. एप्रिलच्या सुरुवातीला भर माध्यान्हीला त्या पोराची सावली जेमतेम वीतभर उरते. एकदा एक मुलगी खाली वाकून बुटाखाली बघत होती, माझी सावली कोणी घेतली म्हणून, आणि मग बूट काढूनच बसली. मे महिन्याच्या मध्यात तर एक दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूला सावलीच नसते, तेव्हा शाळेला सुट्टी असते हे बरंय. आणि डिसेंबरातसुद्धा दुपारी साडेबाराला आपली सावली आपल्या उंचीपेक्षा किंचित कमीच भरते, म्हणजे थंडीत ऊन लागत नाही हा समजही तितकासा खरा नाही, लागतं, फक्त गरम वाटत नाही म्हणून कळत नाही.

आता तुझ्या नणंदेचं. ती सांगते ते तिकडे एकदम बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांमधलं आहे, गोरी कातडी आणि कडक अल्ट्राव्हायोलेट असा तो मेळ आहे, म्हणून १९८१ पासून त्यांनी शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला असं एका सीगल पक्ष्याच्या कार्टूनमधून पोरांना गाऊन गाऊन शिकवलं. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, जास्त, आपल्याकडे तो कॅन्सर खूपच कमी होतो, त्यामुळे तिथला नियम उचलून इथे चिकटवायचा आणि क्रीम नाही लावलं म्हणून रात्रभर तळमळायचं असं काही करू नकोस. पण एक गंमत बघ, मेलबर्नमधे हिवाळ्यात यूव्ही इंडेक्स, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटचं माप, ३ च्या खाली जातो म्हणून तेव्हा त्यांच्या शाळांमधे टोपीची सक्ती नसते, ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच असते. जागतिक आरोग्य संघटना पण ३ च्या वर गेला की काळजी घ्या म्हणते. आणि आपल्याकडे पावसाळ्यातले काळेकुट्ट दिवस सोडले तर दुपारचा इंडेक्स ३ च्या खाली जातच नाही, उन्हाळ्यात तर ११ च्याही वर जातो. म्हणजे कॅन्सरची भीती कमी पण टोपीला सुट्टी नाही, असं आपलं त्रांगडं आहे.

आणि आपल्याकडे ह्या वयाच्या मुलांना खरा धोका कातडीच्याही आधी गरमीचा. लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पृष्ठभाग जास्त, बाहेरची उष्णता पटकन आत शिरते, घाम आपल्याएवढा येत नाही, आणि तहान लागली हे खेळाच्या नादात त्यांना सांगता येत नाही. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा, आलेला घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मार्चमधे पूर्वेकडून वारा असला आणि समुद्राचा वारा दुपारी उशिरा आला की त्या दिवशी ठाण्यात नुसती भट्टी असते, कुलाब्याचं तापमान बघून ठरवू नका हे मी सगळ्या टीचरना सांगते. हवामान खातं किनारपट्टीला ३७ डिग्रीलाच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, विदर्भासारखी ४० ची वाट बघत नाही, ते ह्या दमटपणामुळेच. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात काय झालं ते तुम्हा नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, १४ माणसं गेली, मोठी माणसं, आणि त्यानंतर सरकारला दुपारी १२ ते ५ उघड्यावरचे कार्यक्रम बंद करावे लागले होते. मोठ्यांचं हे, तर आपली तर ११-१२ किलोची पोरं.

म्हणून नर्सरीत जाऊन पहिलं वाक्य क्रीमबद्दल बोलू नकोस. टीचरच्या डोक्यात लगेच येतं, आल्या ह्या नखरेवाल्या मम्मी. असं विचार की मॅडम, बाहेरचा खेळ ११ ऐवजी सव्वानऊला घेता येईल का? त्या म्हणतील सकाळी प्रार्थना असते, सर्कल टाइम असतो, मुलं उशिरा येतात, सकाळीच मळली की दिवसभर तशीच राहतात. सगळं खरंय, मी पण हेच म्हणायचे. मग एका वर्षी उलटं करून बघितलं, आल्या आल्या मैदान आणि मग वर्ग, तर जूनमधे गेटवर जी रडारड असते ना, आईला सोडायचंच नाही, ती निम्म्यावर आली. पोराला वर्गाच्या दारातून आत ओढणं वेगळं आणि वाळूच्या खड्ड्याकडे बोट दाखवणं वेगळं. हे त्यांना सांग, यूव्ही वगैरेपेक्षा हे पटकन पटतं.

दुसरं, पोडियमची जागा. पोडियम म्हणजे खाली पार्किंग आणि वर स्लॅबवर दोन-तीन फूट माती, त्यात मोठं झाड धरत नाही, मग बिल्डर फॉक्सटेल पाम लावतो आणि चाफा लावतो. पामची सावली उभ्या काठीएवढी, आणि चाफा ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण. गुलमोहराचंही तेच, फुलला की दिसतो छान पण सावलीची खरी गरज असते त्या मार्च-एप्रिलमधे नुसता खराटा. सावलीला आंबा, करंज असलं काही हवं, करंजाला ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी कोवळी गर्द पालवी येते. पण झाडं काय उद्या येणार नाहीत, तुमच्याकडे टॉवर आहेत ना, त्यांचा उपयोग करा. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला, ३० मजली टॉवरच्या पश्चिमेच्या अंगाला सव्वानऊला एवढी मोठी सावली असते की आख्खी नर्सरी मावेल, फुकटची. मग ती आखडत जाते आणि साडेबारापर्यंत भिंतीलगत सरकून संपते. जागा थोडी बदलली आणि वेळ बदलली की अर्धं काम झालं, एक रुपया न घालता. हिरवं शेडनेट लावायचं असेल तर दुकानात टक्क्यांवर मिळतं, स्वस्तातलं ५० टक्के वालं घेतात आणि मग खाली मुलं तशीच भाजतात, ७५ नाहीतर ९० चं घ्या. पत्र्याची शेड नको, ती वरून तापते आणि खाली ओव्हन होतो. आणि हां, सावलीत म्हणजे शंभर टक्के सुटका असंही नाही, आकाशातून आणि पांढऱ्या फरशीवरून उडून थोडं येतंच, पण खूपच कमी.

घसरगुंडीचं माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगते. बरीच वर्षं झाली, मार्च महिना, तेव्हा आमच्याकडे स्टीलची घसरगुंडी होती. मी रोज हात लावून बघायचे, त्या दिवशी पण बघितलं, वरच्या टोकाला, आणि ते टोक बिल्डिंगच्या सावलीत होतं, गार. खालचा अर्धा भाग तासभर उन्हात. तीन वर्षांचा मुलगा, हाफ पँट, घसरत खाली आला आणि असा ओरडला की माझ्या अजून अंगावर काटा येतो. मांडीच्या मागे लालबुंद पट्टा, संध्याकाळी फोड. आमच्या मावशी टूथपेस्ट आणायला धावल्या, मी नको म्हणाले, नळाखाली २० मिनिटं धरला त्याला, साधं नळाचं पाणी, बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही. त्याच्या आईला फोन करताना हात थरथरत होते, आणि ती बिचारी मलाच समजावत होती. तेव्हापासून नियम, हाताची उलटी बाजू, वर मधे आणि खाली, तिन्ही ठिकाणी पाच सेकंद. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्या दिवशी घसरगुंडी बंद. प्लॅस्टिकची पण तापते, गडद रंगाची जास्त. काळे रबरी मॅट आणि ते हिरवं प्लॅस्टिकचं खोटं गवत हे तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात, आणि आपल्याकडे पोरांना अनवाणी खेळवायची हौस. तुझ्या नर्सरीत ते गवत आहे का बघ, ह्या पोडियमवाल्या गार्डनांमधे हमखास असतं.

टोपी. क्रिकेटची कॅप नको, कान आणि मान उघडी राहते आणि भाजतात नेमकी तीच. गोल कडांची सुती टोपी, कडा दोन इंचाच्या, आतून घाम टिपेल अशी. हनुवटीखाली घट्ट इलॅस्टिक किंवा गाठ मारायची नाडी असेल तर काढून टाक, घसरगुंडीवर किंवा जाळीत अडकली तर गळ्याला फास, त्यापेक्षा टोपी उडून गेलेली परवडली. मुलं टोपी काढून फेकतात, सगळीच फेकतात, पहिले आठ दिवस तर मावशी टोप्याच गोळा करत असतात. उपाय एकच चालतो, टीचरने स्वतः घालायची. मी ह्या वयात गुलाबी टोपी घालून उभी राहते, माझा फोटो काढून पालक हसतात, हसू देत. प्रत्येकाची टोपी वेगळ्या पिशवीत आणि नाव घालून, कारण एका डब्यात टाकल्या की चौथ्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात उवा, हा धडा पण आम्ही शिकून झालोय.

कपडे सैल, सुती, कोपरापर्यंत बाही. स्लीव्हलेस फ्रॉक सोयीचा वाटतो पण खांदेच जास्त भाजतात. कापड उजेडासमोर धरून बघ, बोटं स्पष्ट दिसली तर ऊनही तेवढंच शिरणार.

पाणी. बाटली भरून येते आणि भरलेलीच घरी जाते, सगळ्या आयांची हीच तक्रार. "पाणी प्या रे" म्हणून कुणी पीत नाही. आम्ही दर १५-२० मिनिटांनी थांबवून स्टीलच्या छोट्या पेल्यांत दोन-दोन घोट सगळ्यांना एकदम देतो, चिअर्स करतात आणि पितात. घरी आल्यावर शूचा रंग बघ, फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर कमी पडतंय. ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत चालेल, पाकिटातल्या ज्यूसची गरज नाही. फक्त घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल कुणाच्या तर त्याला पाणी नाही हं, उन्हाळा असला तरी आईचं दूधच, वारंवार. आणि त्या वयाच्या बाळाला थेट उन्हात न्यायचंच नाही, क्रीमपेक्षा सावलीच.

आता ते १२ वाजताचं. नर्सरीतला अर्धा तास तू मोजलास, पण घरी कशी येते ती? स्कूटरवर पुढे उभी करून का? मग ऐरोलीच्या त्या रस्त्यावर दहा मिनिटं सरळ तोंडावर ऊन, वाऱ्यामुळे गरम वाटत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रुंद टोपी स्कूटरवर उडते, म्हणून तिथे पातळ सुती फुल बाह्यांचं जॅकेट आणि जमलं तर रिक्षा. ओढणीने पूर्ण गुंडाळू नकोस, आत वारा खेळत नाही आणि पोर उकडून निघतं. व्हॅन असेल तर ती गेटवर तासभर उन्हात काचा लावून उभी असते, काळं रेक्झिन आणि पट्ट्याचं लोखंडी बक्कल हे दोन्ही चटके देतात, ड्रायव्हरकाकांना सांग पाच मिनिटं आधी दारं उघडून ठेवायची आणि सीटवर जुनी चादर टाकायची. बंद गाडी १०-२० मिनिटांत दहा-अकरा डिग्रीने वर जाते, म्हणून मूल झोपलंय, पटकन भाजी घेऊन येते, हे कधीच नाही, काच थोडी खाली असली तरी नाही. व्हॅन रिकामी करताना शेवटच्या सीटपर्यंत जाऊन डोकी मोजायची, रोज.

हं, आता क्रीम. वरचं सगळं करून जे उघडं राहतं, म्हणजे चेहरा, कान, मानेची मागची बाजू, पुढचे हात, पावलांची वरची बाजू, तेवढ्यासाठी क्रीम. सहल असेल, सागर विहारला किंवा वंडर्स पार्कला रविवारी जाणार असाल, पाण्यात खेळणार असेल तर नक्की. एसपीएफ ३० पुरेसा, ३० ने साधारण ९७ टक्के अडतं आणि ५० ने ९८, त्यामुळे १०० लिहिलेलं महागाचं घ्यायची गरज नाही. एसपीएफ हे भाजवणाऱ्या किरणांचं माप, दुसऱ्या किरणांसाठी पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असतात, तीन तरी असू देत. लहान मुलांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, पांढरं दिसतं पण चुरचुरत नाही. सुगंध नसलेलं. स्प्रे नको, श्वासातून जातं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघ. घरातून निघायच्या १५-२० मिनिटं आधी लाव, आणि कंजूषपणा करू नकोस, आपण वाटाण्याएवढं लावतो आणि बाटलीवर ३० लिहिलंय म्हणून निश्चिंत होतो, तेवढ्या पातळ थराला ३० मिळतच नाही. घाम आणि पाणी असेल तर दोन तासांनी परत. नऊच्या आधी घरून लावलं आणि खेळ सव्वानऊला झाला तर नर्सरीला लावावंच लागत नाही, बघ टाइमटेबलचा अजून एक फायदा.

टीचरने परत पाठवलं म्हणून चिडू नकोस. २५ मुलं, दोन बायका, प्रत्येकाची वेगळी ट्यूब, एकाचं दुसऱ्याला लागलं आणि पुरळ आलं तर पालक आमच्याच अंगावर येतात. आणि आजकाल मुलांच्या अंगाला हात लावायचा म्हणजे आम्हीही दहांदा विचार करतो, तो करायलाच हवा. आम्ही पण आधी सरसकट नाहीच म्हणायचो. मग एक मुलगा आला, त्याला कोडाचे डाग होते, त्या डागांत मेलॅनिन नसतं, ते उन्हात लगेच भाजतात, त्याला क्रीम म्हणजे औषधच होतं. तेव्हापासून नियम केला, पालकांची लेखी चिठ्ठी, ट्यूबवर नाव आणि तारीख, फक्त चेहरा-मान-हात-पाय, सगळ्यांसमोर, आणि जमतं त्या मुलाने आरशात बघून स्वतः लावायचं, टीचर फक्त कान आणि मान. तुझ्या नर्सरीला हे सुचवून बघ. ट्यूब व्हॅनमधे किंवा खिडकीत तापत ठेवायची नाही, खराब होते.

सासूबाईंचं. त्यांना उडवून लावू नकोस, व्हिटॅमिन डी कमी पडलं की हाडं मऊ होऊन मुडदूस होतो, ही काळजी खरी आहे, आपली फ्लॅटमधली मुलं ऊन बघतच नाहीत. पण व्हिटॅमिन डी ज्या किरणांनी बनतं ती सकाळी ७ च्या कोवळ्या उन्हात फारच थोडी असतात, आणि काचेतून तर येतच नाहीत, म्हणजे सरकत्या काचा बंद करून बाळाला उन्हात झोपवलं तर नुसती ऊब मिळते. मधला मार्ग म्हणजे नऊ-साडेनऊच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ खेळ, जे आपण नर्सरीत करायचं म्हणतोच आहोत. पहिल्या वर्षात डॉक्टर रोज ४०० युनिटचे थेंब देतात ते चुकवायचे नाहीत, आणि पुढे लागतात का हे तुमच्या डॉक्टरांना विचार. क्रीम लावल्याने मुडदूस होत नाही, आपण लावतो तेवढ्याने तर नाहीच. आणि बाहेर खेळणं पूर्ण बंद करायचं असा अर्थ ह्या सगळ्यातून काढू नकोस हं. बाहेरच्या उजेडाने चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं, तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाला १२० मिनिटं बाहेर काढायचं धोरणच केलं. झाडाखालचा उजेड पण त्याला चालतो, रणरणतं ऊन लागत नाही.

आता ते हळूच लिहिलेलं वाक्य. टॅन. अगं, उन्हात खेळलेलं मूल रापतं, दोन महिन्यांनी परत जसं होतं तसं होतं. पण तिच्यासमोर "काळी झालीस" हे म्हणू नका कुणी. माझ्याकडे साडेतीन वर्षांची मुलगी दारात उभी राहून सांगते, मी नाही येणार बाहेर, मी काळी होईन, आजी ओरडेल. साडेतीन वर्षं! तिला चटका लागेल, डोकं दुखेल म्हणून टोपी घाल, हे कारण तिला द्या. आणि टॅन काढायला लिंबू, बेसन, दही चोळू नका. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात, सरबत करताना मुलांच्या हातावर-तोंडाभोवती सांडलं तरी होतं, धुवून मगच बाहेर. खोबरेल तेल लावून पाठवलं की ऊन लागत नाही हाही गैरसमजच, घामोळ्याला मात्र ते त्रासच देतं. पावडर पण नको, नाकात जाते.

उन्हाळ्यात गालावर फिकट पांढरट चट्टे दिसले तर घाबरू नकोस, कॅल्शियम कमी नाही आणि जंतही नाहीत. कोरड्या त्वचेचा सौम्य प्रकार असतो, आजूबाजूचं रापलं की उठून दिसतो, साधं मॉइश्चरायझर लावायचं. एकदम दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग असेल तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

कधी धावपळ करायची ते पण लिहिते. मूल सुस्त झालं, उलटी झाली, रडतंय पण अश्रू नाहीत, सहा तास शू नाही, अंग तापलंय आणि बरळतंय किंवा नीट उठतच नाही, तर लगेच सावलीत, कपडे काढ, साध्या पाण्याने सगळं अंग ओलं कर आणि जोरात पंखा, आणि १०८ ला फोन. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. तापाचं सिरप ह्याला उपयोगी पडत नाही, त्यात वेळ घालवू नकोस. नुसतं भाजल्यासारखं असेल तर आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसेलच असं नाही, हात लावून बघ, गरम आणि ताणल्यासारखं लागतं, अंघोळीला पाणी लागलं की रडतात. गार ओली पट्टी आणि भरपूर पाणी, फोड आले तर डॉक्टर.

तर सोमवारी जाशील तेव्हा क्रीमची ट्यूब नेऊ नकोस, टोपी ने, नाव घालून. आणि मॅडमना म्हण, एक आठवडा सव्वानऊला टॉवरच्या पश्चिमेला नेऊन बघता का? नाहीच म्हणाल्या तर निदान ११ चा खेळ लॉबीत नाहीतर स्टिल्टमधे, गाड्या नसलेल्या कोपऱ्यात, बॉल आणि चटई देऊन चालतो. तेही नको म्हणाल्या, आणि एप्रिलमधे ११ ला त्या खोट्या गवतावर अनवाणी सोडतच राहिल्या, तर मात्र मग दुसरी नर्सरी बघ, आणि बघायला जाशील तेव्हा ११ वाजताच जा.